बदलीआधीचं कपाट : नागपूरहून रत्नागिरीला जाताना केलेलं कपड्यांचं नियोजन

ही हकिगत माझ्या मावसबहिणीची. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. तिला इथे नुसतं ताई म्हणते.

पार्श्वभूमी

ताई अठ्ठेचाळीस वर्षांची, एका सरकारी बँकेत अधिकारी. सगळी नोकरी विदर्भात झाली. एप्रिलच्या शेवटी बदलीचा आदेश आला : रत्नागिरी. मुलाचं बारावीचं वर्ष, त्यामुळे तो आणि भाऊजी नागपुरातच राहणार होते आणि ताई एकटी जाणार होती. तिकडे एका खोलीचं घर भाड्याने ठरलं. घरमालकांनी फोटो पाठवला, त्यात भिंतीला टेकलेलं दोन दारांचं एक लोखंडी कपाट होतं. कपडे, कागदपत्रं, अंथरुणं, सगळं त्यातच बसवायचं होतं.

नागपूरच्या घरी तिची अडीच कपाटं होती. अडीच अशासाठी की मुलाच्या कपाटाचे खालचे दोन कप्पेही हळूहळू तिच्याच साड्यांनी भरले होते.

आदेश आला त्याच आठवड्यात तिने कॅप्सूल वॉर्डरोबवरचे दोन-चार व्हिडिओ पाहिले. मोजके कपडे, सगळे एकमेकांवर चालणारे, रोज सकाळी विचार करायला नको. कल्पना तिला मनापासून पटली. रात्री बसून तिने ऑनलाइन ११ कपडे निवडले : चार रेयॉनचे कुर्ते, दोन पांढऱ्या पँटी, एक फिकट बदामी, बाकी काळं-करडं. बिल ₹१६,४०० होत होतं. कपड्यांसाठी तिने ₹२०,००० बाजूला काढलेच होते. पैसे भरायच्या आधी तिने मला फोन केला, म्हणाली, "बघ ना एकदा, काही राहिलं तर नाही?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब. आधी कपाट उघडू."

अडचण नेमकी काय होती

वरवर पाहता अडचण जागेची होती, अडीच कपाटांतलं एका कपाटात कसं मावणार ही. पण कपाट उघडल्यावर वेगळंच दिसलं. शनिवारी दुपारी कूलर लावून आम्ही सगळं पलंगावर काढलं : ४१ साड्या, ३६ कुर्ते, १९ सलवारी-लेगिंग-पँटी, २४ ओढण्या. ब्लाउजं वेगळी. तो ढीग बघून ताई म्हणाली, "अगं, इतके कपडे आहेत आणि रोज सकाळी घालायला एक नाही."

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि आपण ते हसण्यावारी नेतो. मला ते खरं वाटतं. बाईच्या म्हणण्यात काहीतरी अडलेलं असतं, ते शोधायला हवं.

म्हणून आम्ही एक सोपी गोष्ट केली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशेब लिहितो तसं, तिने रोजच्या चौकोनात त्या दिवशी काय घातलं ते लिहायला सुरुवात केली. 'निळा खिसावाला.' 'सुती साडी.' 'निळा खिसावाला' पुन्हा. सोळा दिवसांत फिरून फिरून तेच ९ कुर्ते आणि ३ साड्या आल्या. बाकी सगळं या काळात कपाटातून हललंच नाही.

मग उरलेले का हलत नाहीत, ते एकेक हातात घेऊन विचारलं. कारणं ऐकण्यासारखी होती. या कुर्त्याची सलवार विटली, कुर्ता नवाच राहिला. या ओढणीचा रंग जातो, एकदा पांढऱ्या कुर्त्यावर उतरला तेव्हापासून घेतली नाही. ही साडी छान आहे, पण ब्लाउज दंडात घट्ट होतं. याला इस्त्री केली तरी बसल्यावर दहा मिनिटांत चुरगळतो. आणि पुन्हा पुन्हा येणारं एक कारण म्हणजे "याला खिसा नाही."

ताईकडे शाखेतल्या चाव्या असतात. त्या अंगावरच ठेवायच्या, टेबलावर ठेवून उठायचं नाही, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. रोजच्या नऊ कुर्त्यांपैकी पाचांना खिसे होते. ऑनलाइन निवडलेल्या चार कुर्त्यांपैकी मात्र एकालाही नव्हता. रंग बघितले, माप बघितलं, कापड कसं पडतं ते बघितलं, पण आपला दिवस कसा जातो ते पाहिलंच नव्हतं.

समोरचे पर्याय

आम्ही चार वाटा मांडल्या.

पहिली, सगळं बांधून न्यायचं. ट्रक जाणारच होता. पण कपाट एकच होतं. शिवाय रत्नागिरीची हवा अशी की ज्या कपड्याला महिनोनमहिने वारा लागत नाही त्याला पावसाळ्यात कुबट वास येतोच. ही वाट लगेच सोडली.

दुसरी, ते ११ कपडे घ्यायचे आणि जुनं मागे ठेवायचं. ताईचा कल इकडेच होता आणि मला तो समजत होता. वीस वर्षांचं गाव सोडून एकटीने नव्या जागी जायचं, तर नवे कपडे घालून जावं असं वाटणारच. त्यात चूक काही नाही. पण ती यादी कुठून आली हेही बघायला हवं होतं. कॅप्सूल वॉर्डरोब हा शब्द १९७० च्या दशकात लंडनमध्ये सुझी फो (Susie Faux) या बाईंनी आपल्या कपड्यांच्या दुकानातून रूढ केला. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना करन यांनी सात कपड्यांचा एकमेकांवर चालणारा संच बाजारात आणला आणि कल्पना जगभर गेली. कल्पना मोलाची : थोडे घ्या, चांगले घ्या, प्रत्येक दुसऱ्याबरोबर चालला पाहिजे. पण यादी मात्र त्या शहरांची, तिथल्या थंडीची आणि तिथल्या पेहरावाची. बदामी आणि पांढरा रंग तिथे सगळ्यावर जातो. जांभ्या दगडाच्या मुलखात, जुलैच्या तांबड्या चिखलातून बँकेत जाणाऱ्या बाईच्या पांढऱ्या पँटीचं काय होईल ते मला नागपुरात बसूनही दिसत होतं.

तिसरी वाट, थोडेच कपडे न्यायचे आणि महिनाभर तिथे राहून मग घ्यायचे. एरवी मी हेच सुचवलं असतं. पण ताई मेच्या तिसऱ्या आठवड्यात रुजू होणार होती आणि जूनमध्ये पाऊस. नव्या शाखेत, नव्या गावात, पावसात शिंपी शोधत फिरायला तिला फुरसत मिळणार नव्हती.

चौथी, आहे त्यातूनच संच बांधायचा. जे थोडक्यात दुरुस्त होईल ते करून घ्यायचं आणि जिथे खरोखर भोक राहील तिथेच नवं घ्यायचं. हीच वाट धरली.

काय केलं

*आधी दोरी मोजली*

मोजके म्हणजे किती? व्हिडिओत आकडे होते, पण ते आपले नव्हते. मी ताईला म्हटलं, तिकडे किती कपडे लागतील हे वाळत घालायची दोरी ठरवेल.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गच्चीवर टाकलेला कुर्ता तासाभरात कडक होतो, आजचा परवा पुन्हा अंगावर घालता येतो. वर्षभरात पाऊस साधारण हजार-अकराशे मिलिमीटर. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत हवाच ओली असते. तिकडे राहिलेल्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली की जुलैत जाड सुती कपडा घरात पंख्याखाली पुरता वाळायला तीन दिवस धरायचे.

म्हणजे सोमवारी घातलेला कुर्ता रात्री धुतला, गुरुवारी संध्याकाळी वाळला, इस्त्री झाली, शुक्रवारी पुन्हा हाताशी. तेवढ्यात चार कुर्ते लागले. एखादा वाटेत भिजेल, एखादा वाळणारच नाही, एखाद्या दिवशी अचानक वरिष्ठ येतील, म्हणून वर तीन. कुर्ते सात ठरले. हा आकडा कुठल्याही यादीत नव्हता, पण त्यामागचं प्रत्येक कारण आम्हाला सांगता येत होतं.

*मग कापड पाहिलं*

सुताला ओलावा प्रिय. प्रमाणित हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो आणि म्हणूनच वाळायला वेळ घेतो. रेयॉन तर सुताहूनही जास्त ओलावा धरतं आणि ओलं असताना कमकुवत होतं. पिळून, झटकून, ओढून वाळत घालायच्या कपड्याला ते सोसत नाही. चार रेयॉनचे कुर्ते तिथेच गळले. उत्तर पातळ सुती कापडात होतं. मलमलीसारखं पातळ असेल तर सुतीही लवकर वाळतं.

साड्यांबाबत माझं मत इथे बदललं, हे कबूल करायला हवं. सिंथेटिक साडीला मी नेहमी नाक मुरडत आले. पण ताईच्या दोन जुन्या क्रेपच्या साड्या पाण्यातून काढल्या की संध्याकाळपर्यंत कोरड्या होतात, इस्त्रीही मागत नाहीत. पावसाळ्यात बँकेत जाणाऱ्या बाईला त्यांची गरज होती, मला आवडो न आवडो. त्या दोन्ही संचात आल्या.

*शिंप्याकडे*

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रोजच्या नऊ कुर्त्यांपैकी दोन रेयॉनचे, ते बाजूला गेले. खिसे असलेले दोन काखेत इतके विरले होते की उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसत होतं. सगळ्यात जास्त वापरलेले तेच. त्यांना घरात घालायच्या ढिगात टाकलं. उरले पाच, त्यातल्या तिघांना खिसा नव्हता. गल्लीतल्या शिंपीकाकांनी कडेच्या शिवणीत, काप सुरू होतो त्याच्या वर, खिसे बसवून दिले. एका खिशाचे ₹६०.

साडी हा एका अर्थाने जन्मजात कॅप्सूल कपडा. साडेपाच मीटर न शिवलेलं कापड, ते कधी घट्ट होत नाही. वजन वाढो, उतरो, साडी तीच राहते. अडतं ते ब्लाउजात. ताईने निवडलेल्या सहा साड्यांपैकी चारांची ब्लाउजं तिला होत नव्हती आणि एवढ्याचसाठी चांगल्या साड्या पाच-पाच वर्षं पडून होत्या.

काकांनी हिरवं ब्लाउज उलटं केलं, शिवण चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "बाई, माया आहे की. दोन बोटं आहे." ब्लेडच्या टोकाने त्यांनी एकेक टाका उसवला. आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, उलगडली तेव्हा काखेपासून कमरेपर्यंत गर्द हिरवी पट्टी निघाली, बाकीच्या ब्लाउजाहून दोन छटा गडद. इतकी वर्षं तिने ऊन पाहिलंच नव्हतं, साडी मुळात त्या रंगाची होती. काकांनी विचारलं, "दिसेल थोडं, चालेल का?" ताईने हात खाली सोडून आरशात पाहिलं. पट्टी दंडाखाली झाकली जात होती. "चालेल काका."

चार ब्लाउजांचे ₹३२०, तीन खिशांचे ₹१८०, दोन साड्यांना फॉल-पिको ₹२४०. एकूण ₹७४०. एवढ्यात चार साड्या आणि तीन कुर्ते जणू नव्याने मिळाले.

*शेवटी खरेदी*

आता भोक नेमकं दिसत होतं. दोन कुर्ते कमी होते. पातळ हातमागाचं कापड घेतलं, पाच मीटर, ₹२८० मीटरने, आणि शिलाई ₹४५० प्रमाणे. काकांना दोनच सूचना दिल्या : दोन्ही बाजूंना खिसे, आणि शिवणीत भरपूर माया. पँटी जुन्या दोन होत्या, नव्या दोन घेतल्या, ₹७५० प्रमाणे. रंग गडद निळा आणि गडद तपकिरी, लांबी घोट्याच्या वर. पावसाळी चपला ₹६५०.

ओढण्या फक्त दोन नेल्या. चोवीसपैकी प्रत्येकीचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबून पाहिला. ज्यांनी डाग सोडला नाही, त्यांतून सातही कुर्त्यांवर चालतील अशा निवडल्या.

७ कुर्ते, ४ पँटी, ६ साड्या, २ ओढण्या. एकूण १९, घरातले कपडे वेगळे. खर्च ₹५,१९०.

*जे नेलं नाही त्याचं काय*

इथे आम्ही मुद्दाम घाई केली नाही. काही कपडे घरकामाच्या मावशींनी त्यांच्या मुलींसाठी पसंत करून नेले. मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीसाठी काढल्या. पैठणी आणि दोन शालू मलमलीच्या कापडात गुंडाळून नागपुरातच ठेवले, तिथली कोरडी हवा त्यांना मानवते. मावशीची, म्हणजे ताईच्या आईची, एक जांभळी इरकल होती. ती ताई नेसत नाही, नेसणारही नाही. व्हिडिओतल्या नियमाने ती जायला हवी होती. मी ती मोजणीतच धरू दिली नाही. आईची साडी ही कपड्यांच्या हिशेबात येत नाही, तिचं कारण कुणाला द्यावं लागू नये.

निकाल

मे आणि जून उत्तम गेले. सकाळी कपाट उघडलं की जे हाताला येईल ते घालता येतं, असं ताई फोनवर सांगायची. खिशांचा उल्लेख तर दर फोनला. हिरवी साडी तिने शाखेत पहिल्याच दिवशी नेसली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिशेब कोलमडला. कुर्ते पुरत होते, पण पँटी पुरल्या नाहीत. 'वरचे जास्त, खालचे कमी' हे सगळ्या याद्यांत असतं आणि तेवढं मात्र मी डोळे मिटून उचललं होतं. एक पँट दोनदा घालता येईल असं धरून चारच दिल्या. पण पावसात कुर्ता छत्रीखाली कोरडा राहतो, भिजते ती पँट. घोट्यावरची असली तरी पोटऱ्यांपर्यंत लाल शिंतोडे, रोज धुणं आलंच. गुरुवारी सकाळी चौथी पँट अंगावर आणि सोमवारची अजून ओली. ताईने इस्त्री फिरवून फिरवून ती कोरडी केली, तरी कमरेचा पट्टा दमटच राहिला आणि तशीच ती शुक्रवारी दिवसभर बसली. शनिवारी तिने तिथल्याच बाजारातून मिश्र धाग्याच्या, लवकर वाळणाऱ्या दोन पँटी घेतल्या, ₹८५० प्रमाणे. एकूण खर्च ₹६,८९० झाला.

दुसरी चूक अधिक जिव्हारी लागली. सहा साड्यांत एक रेशमी होती, गणपतीत लागेल म्हणून नेलेली. ऑगस्टमध्ये तिने ती बाहेर काढली तर आतल्या घडीवर पांढरट ठिपके. बुरशी. कपाटाची मागची बाजू पावसाच्या झडीच्या भिंतीला लागून होती आणि साडी नेमकी मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. काठ वाचला, पदराजवळचे दोन डाग मात्र ड्रायक्लीन करूनही फिकट राहिले. त्या रात्री ताई फोनवर रडली. पहिल्या पगाराची साडी होती ती.

पुन्हा करायचं तर

पँटी कुर्त्यांइतक्याच देईन. पावसाळी प्रदेशात खालचा कपडा रोज धुवायचा, हे धरूनच मोजणी सुरू करेन, आणि त्यातल्या निम्म्या मिश्र धाग्याच्या घेईन. दोरीचा हिशेब मी कुर्त्यांना लावला आणि पँटींना लावला नाही, चूक तेवढीच.

रेशीम पावसाळ्यात नेऊच देणार नाही. गणपतीला नेसायला काठाची सुती साडी पुरली असती. न्यायचीच तर प्लॅस्टिकमध्ये नाही, मलमलीत, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून. दर पंधरा दिवसांनी घडी मोडून पंख्याखाली तासभर.

सोळा दिवसांची नोंद कमी पडली. एप्रिल-मेच्या नोंदीने आम्हाला उन्हाळ्यातली ताई दाखवली, पावसातली नाही. वेळ असता तर गेल्या पावसाळ्यातले फोनमधले फोटो चाळले असते. नागपूरचा पाऊस वेगळा, तरी ती पावसात काय घालते ते दिसलं असतं.

ते ११ कपडे न घेण्याबद्दल मात्र दोघींच्याही मनात शंका नाही. उरलेल्या ₹१३,११० पैकी काही रक्कम ताईने दिवाळीसाठी राखली. ती नागपूरला येईल तेव्हा दोन साड्या इथे ठेवून कोरड्या दिवसांसाठी दोन रेशमी नेणार आहे. तिकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिचं लिहिणं सुरूच आहे. परवा तिने ऑक्टोबरच्या पानाचा फोटो पाठवला. पहिल्या तीन चौकोनांत 'तपकिरी खिसावाला', 'हिरवी साडी', 'निळा', आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात : काकांना सांग, पुढच्या दोन कुर्त्यांचे खिसे एक बोट खोल हवेत, चाव्यांचा जुडगा बसताना वर येतो.